एक जूनचा सेनापती

मी सत्यशीलावहिनीची नणंद. तेव्हा मी तिचं कौतुक करायला बसलेली नाही, हे आधीच समजून घ्या. नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक ऐकायचं असेल, तर दुसरं घर गाठावं. पण चाळीस वर्षं एका छपराखाली काढली की माणूस आतून-बाहेरून कळतं, आणि जे कळलंय ते सांगायला माझं काय जातंय?

वहिनी आता सत्तरीची. पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर काढली. माझा दादा गेला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून पुण्यात सहकारनगरच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघीच. ती मला अजून 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि तिला अगं-तुगं करते. माझं नाव मुक्ताई आहे, हे तिने बहुधा रेशनकार्डावरच वाचलं असेल.

संध्याकाळी पाच ते सात ती पत्रिका बघते. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर पंचांग आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. कपाटात गेल्या शंभर वर्षांची जुनी पंचांगं वर्षवार लावून ठेवलेली. त्यातलं एक जरी मी धूळ झटकून चुकीच्या जागी ठेवलं, तरी तिला मागून कळतं. कुणाकडून काही घेत नाही. खोटं तर बोलतच नाही. "पत्रिकेत नाही ते माझ्या तोंडात नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. नावच सत्यशीला, मग बोलायची सोयच उरली नाही.

खालच्या मजल्यावरच्या चंपाताई एकदा मुलाच्या परीक्षेचं विचारायला पेढे घेऊनच आल्या. "यंदा नाही," वहिनी म्हणाली आणि पुडा त्यांच्याच हातात परत दिला. त्यांचा चेतन नापास झाला, आणि चंपाताई दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "अगं, 'प्रयत्न करा' एवढं म्हणायला काय झालं होतं तुला?" तर म्हणे, "प्रयत्न पत्रिकेत दिसत नाहीत, वन्सं." असं हे ध्यान.

आता चाळीस वर्षं मागे जावं लागेल. मी तेव्हा पंचविशीची, शाळेत नुकती लागलेली. माझ्या पत्रिकेत मंगळ. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच नवरा बघावा, नाहीतर त्याच्या जिवावर बेततं, असं मानतात. त्यापायी चार स्थळं दारातून परत गेली होती. तेवढ्यात मांजरी गावच्या कुंजीरांचं स्थळ आलं. मुलगा फौजेत कॅप्टन, नाव भैरवनाथ. पोहे झाले, थोरली माणसं ऊस आणि पाऊसपाणी बोलून दमली, तेव्हा त्याने मान वर करून मला एकच गोष्ट विचारली.

"आमच्या बदल्या फार होतात. चालतील का?"

मी म्हटलं, "चालतील."

एवढंच आमचं बोलणं, जन्मभराचं. आणि मला तो आवडला होता. आता या वयात लाजायचं काय, फार आवडला होता.

वहिनी तेव्हा ज्योतिषाची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन बसलेली. पत्रिका तिनेच मांडली. तारीख त्याने स्वतः कागदावर लिहून दिलेली, १ जून १९५३. वेळ त्याच्या आईला विचारली, तर ती म्हणाली, औतं सुटायच्या वेळेला. म्हणजे नांगराचे बैल सोडतात तेव्हा, भर दुपारी बारा. वहिनीने दादाला समोर बसवलं. मी आत पोळ्या लाटत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"सिंह लग्न, म्हणजे जन्मवेळेला सिंह रास उगवत होती," ती म्हणाली. "दशमात, म्हणजे माणसाच्या कर्तृत्वाच्या घरात, रवी, मंगळ आणि गुरू. राजा, सेनापती आणि मंत्री एका ओळीत बसलेत. हा माणूस फौज चालवील, लिहून ठेवा. पण तोच गुरू याच्या आयुष्याचा मालक, आणि तो रवीपाशी बसून जळून गेलाय. शस्त्राने घात आहे. छत्तिसावं वर्ष बघणार नाही. त्यातून आपल्या वन्संना मंगळ आणि याला नाही, दशमातला त्यात धरत नाहीत. जाणूनबुजून मुलगी विधवा करायची असेल तर करा."

दादाने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला, पत्रिका जुळत नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. पुढे आणखी दोन स्थळं आली, ती मीच नको म्हटली. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला आणि निवृत्त झाले.

आणि तो काही मेला नाही. छत्तिसावं लागलं, सरलं. मेजर झाला, कर्नल झाला, ब्रिगेडियर झाला. शेवटी लेफ्टनंट जनरल भैरवनाथ कुंजीर म्हणून पेपरात फोटो आला, हजारो जवान त्याच्या हुकमाखाली. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. दर बढतीला वहिनी पेपर माझ्यापुढे धरायची. "बघा वन्सं, फौज चालवील म्हटलं होतं की नाही?" मी "हो गं बाई" म्हणून भाजी निवडत बसायची. अर्धं खरं ठरलं ते तिचं आणि अर्धं खोटं ठरलं ते माझं, हे वाक्य शंभर वेळा ओठांवर आलं असेल. पण याच बाईने मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर रजा काढून चमच्याने भरवलंय. भांडायचं तरी किती?

गेल्या दिवाळीत एका ज्योतिषाच्या अंकासाठी तिने लेख लिहिला, 'सेनापतीची कुंडली'. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच दिला, कारण मास्तरीण फुकट मिळते. मी लाल पेन घेऊन बसले. लिहिलं होतं झोकात. सिंह लग्न, त्यामुळे मान कायम ताठ. दशमातल्या मंगळामुळे कोपिष्ट, शब्द झेलायला लावणारा, घरच्यांनाही हुकूम सोडणारा. रवीमुळे कीर्ती, गुरूमुळे न्यायबुद्धी. आणि शेवटचं वाक्य असं: 'हा योग ज्याच्या पत्रिकेत नाही, त्याने गणवेशाच्या वाटेला जाऊ नये.'

छत्तिसाव्या वर्षाचं मात्र अख्ख्या लेखात अक्षर नव्हतं. मी दोनदा शोधलं. खोटं न बोलणाऱ्या माणसाला गप्प बसता येतं, हे मला तेव्हा कळलं. मी एक वेलांटी सुधारली आणि लेख परत दिला.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. साडेपाचला बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस, त्याच्यामागे काठी टेकत नऊवारीतली म्हातारी, आणि शेवटी केस अगदी बारीक कापलेली, सरळ पाठीची एक मुलगी.

"आम्ही मांजरीहून आलोय. साईनाथ माझं नाव," तो म्हणाला. "ज्यांच्यावर बाईंनी लिहिलंय ना, ते जनरलसाहेब माझे सख्खे मामा. ही माझी आई सरुबाई, त्यांची थोरली बहीण. आणि ही आमची तेजस्विनी."

 वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मी चहा टाकायला आत गेले. त्या लोकांना आम्ही कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही राहायला दुसरीकडे होतो आणि पोहे खायला ही सरुबाई आली नव्हती.

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसता पडदा. सगळं ऐकू येत होतं. तेजस्विनीची खडकवासल्याच्या लष्करी अकादमीत निवड झाली होती. परीक्षा, मुलाखत, मेडिकल, सगळं पार पडून जानेवारीत हजर व्हायचं पत्र आलं होतं. अडलं होतं ते साईनाथचं.

"एकुलती एक आहे हो," तो म्हणाला. "मामांना विचारलं तर ते पाठवच म्हणतात. पण मामांचं काय, त्यांच्या पत्रिकेतच होतं. तुम्हीच लिहिलंय." अंक उघडल्याचा आवाज आला. शेवटच्या वाक्याखाली त्याने लाल रेघ मारलेली मी नंतर पाहिली. "तेव्हा हिच्यात तो योग असला तर खुशाल जाऊ दे. नसला तर इथेच कॉलेज करील. तुम्ही सांगाल ते शेवटचं."

"पप्पा, तुम्ही मला प्रॉमिस केलं होतं," मुलगी म्हणाली. "दोन वर्षं रोज पाच किलोमीटर धावलेय मी. त्याचं काहीच नाही का?"

"बाईंना बघू दे," साईनाथ म्हणाला.

मुलीची तारीख दवाखान्याच्या दाखल्यावर मिनिटासकट होती. वहिनीची पेन्सिल दहा मिनिटं चालली. मी चहा गाळत होते आणि मनात म्हणत होते, अगं, आज तरी गोल बोल, एकदा तरी. पण ती कुठली बोलायला!

"नाही," वहिनी म्हणाली. "मंगळ कर्केत, नीचीचा, म्हणजे बळ गेलेला. शेजारी शनी. आणि दोघे बाराव्या घरात, म्हणजे खर्चाच्या, हानीच्या. सेनापतीचा योग हिच्या पत्रिकेत नाही."

 मी ट्रे घेऊन बाहेर आले. मुलगी रडत नव्हती. हात गुडघ्यांवर घट्ट दाबून समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला तो बसायचा प्रकार ओळखीचा वाटला. पोळपाटापुढे मीही अशीच बसले होते.

"आजी, तू तरी बोल ना," ती म्हणाली.

सरुबाईंनी मुलाला डिवचलं. "काय ल्हिवलंय रं त्या पुस्तकात भैरूचं? मला वाचून तर दाव."

साईनाथने वाचायला सुरुवात केली. "लेफ्टनंट जनरल भैरवनाथ कुंजीर यांचा जन्म १ जून १९५३ रोजी भर दुपारी..."

"कुनाचा एक जून?" म्हातारी म्हणाली.

"मामांचा, आई. कागदोपत्री आहे ते."

"आरं, कागदाला काय कळतंय! भैरू न्हवरात्रातला हाय. घटाची सातवी माळ हुती. म्या माळ बांधाय बसले आन आईला आत कळा सुरू झाल्या. चौदा वरसाची हुते म्या, मला ठावं न्हाई व्हय?" ती वहिनीकडे वळली. "पानशेतचं धरान फुटायच्या आदल्या साली, पाच सरून सहावं लागल्यालं तवा, बानं त्येला शाळंत घातला बघा. मास्तर म्हनला, जल्मतारीख सांगा. बाला कुठली ठावं! मास्तर म्हनला, पोरगं थोराड दिसतंय, सात वरसाचं मांडतो आन एक जून टाकतो. त्या दिशी शाळंत गेल्याली समदी पोरं एक जूनचीच. आमच्या आळीत बारा जन एक जूनचे हायती, आता बोला!"

ट्रे मी टेबलावर ठेवला.

अहो, चौतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला! जूनमध्ये आया पोरांना घेऊन दारात उभ्या राहायच्या, तारीख विचारली की एकमेकींकडे बघायच्या, आणि मी पेन उचलून लिहायची, १ जून. किती पोरांना मी माझ्या हाताने एक जूनला जन्माला घातलं, त्याची गणती नाही. वहिनीने पोस्टात एकतीस वर्षं हीच तारीख फॉर्मावर बघितली. निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते आम्हा दोघींना तेवढं दिसलं नाही. ती ग्रह बघत होती. आणि मी? मी तारीख पाहिलीच नव्हती, मी माणूस पाहिला होता.

वहिनी उठली. बोटांवर वर्षं मोजून कपाटातून १९५४ सालचं पंचांग काढलं, नवरात्राचं पान उघडलं, सातव्या माळेवर बोट ठेवलं. वेळ तीच, औतं सुटायची. पेन्सिलीचं टोक मोडलं, तिने दुसरी घेतली. सरुबाईंचं आपलं चालूच होतं.

"आन रागीट कोन, भैरू? म्हशीनं लाथ मारली तर तिचीच पाठ खाजवत बसनारं ते. जल्मात कुनाला आरं म्हनला न्हाई. येकदाच त्येला दुखावल्यालं बघितलं म्या. पुन्याची येक पोरगी बघून आला हुता. मास्तरीन हुती. त्येनं इचारलं, बदल्या चालतील का, तर ती म्हनली, चालतील. लई खूश हुता. आन घरच्यांनी सांगावा धाडला, पत्रिका जमत न्हाई. दोन वरसं लगीन म्हनू दिलं न्हाई त्येनं. म्हनायचा, आक्के, ती तर चालतील म्हनली हुती."

मी स्वयंपाकघराच्या पडद्याला धरून उभी राहिले. चाळीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की तिकडेही कुणाला काही वाटलं असेल.

वहिनीची पेन्सिल थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"धनु लग्न," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, पण फार हळू. "लग्नी, म्हणजे पहिल्या घरात, मंगळ. आयुष्याच्या घरात उच्चीचा गुरू. माणूस दीर्घायुषी आहे." तिने पेन्सिल खाली ठेवली. "आणि पत्रिका मंगळाची आहे."

मंगळाला मंगळ. यापरता चांगला मेळ पंचांगात नसतो. हे त्या खोलीत दोघींनाच कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि तो सेनापतीचा योग?" साईनाथने विचारलं.

"मी लिहिला तो या पत्रिकेत नाही."

"म्हणजे मामा योग नसताना जनरल झाले?"

"झाले," वहिनी म्हणाली. "ते प्रयत्न असतील. ते पत्रिकेत दिसत नाहीत."

साईनाथ बिचारा पुरता गोंधळला. अंक मिटला, पुन्हा उघडला. "पण हिचा मंगळ तर नीचीचाच राहिला ना? हिची तारीख पक्की आहे. मग मी काय करू, बाई? सोडू का तिला?"

चाळीस वर्षांत या टेबलापलीकडून विचारलेल्या प्रश्नाला वहिनीने उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. तिने तिन्ही पेन्सिली एकत्र करून डब्यात ठेवल्या, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"वन्सं, तुम्ही सांगा."

मला कुणी विचारलं होतं, हे कळायलाच मला क्षण लागला. मग मी पडदा सोडला, पुढे आले आणि चहाचा ट्रे उचलला.

"जाऊ द्या तिला, साईनाथराव," मी म्हटलं. "पत्रिका बघून घरी ठेवलेल्या मुलीचं काय होतं, ते तुमच्यासमोर चहा घेऊन उभं आहे."

साईनाथ चहाकडे बघत बसला. सरुबाईंनी मात्र काठी बाजूला टाकली आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. माझ्याकडून वहिनीकडे, वहिनीकडून त्या पंचांगाकडे.

"तूच व्हय गं ती, बाय?"

मी मान हलवली. म्हातारीने माझा हात ओढून मला शेजारी बसवलं आणि माझ्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली. मग मात्र मला रडू आवरलं नाही. एवढ्या वर्षांचं रडं ते, सगळं एकदम आलं. तेजस्विनी पाण्याचा पेला घेऊन धावली. साईनाथ काही विचारायला गेला, तर त्याच्या आईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. जाताना तो उंबऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "जानेवारीत सोडायला मीच जाईन." मुलीने जिन्यातच त्याला मिठी मारली.

ती मंडळी गेल्यावर वहिनीने दिवा लावला, भाताचा कुकर चढवला. दोन पानं घेतली. मग तिने माझ्या पानावर तूप वाढलं, हातातला चमचा तसाच धरला, आणि म्हणाली, "वन्सं, चुकलं माझं."

"गणित बरोबर होतं तुझं," मी म्हटलं. "तारीख चुकली."

"छत्तिसाव्या वर्षाचं मी लेखात लिहिलं नाही."

"बघितलं मी."

"बघितलंत आणि बोलला नाहीत?"

"वेलांटी सुधारली की एक."

ती हसली नाही. डोळ्याला पदर लावून बसली. मी तिला माफ केलं का? खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. त्या दिवशी राग आला होता, आणि भयंकर आला होता. पण राग काढायचा तर त्या मास्तरावरही काढायला हवा, आणि मग माझ्या स्वतःवरही. तेवढी ताकद आता नाही. मी तिला म्हटलं, "भात गार होतोय, जेव."

वहिनी अजून पत्रिका बघते. मात्र दारावर एक पाटी लागली आहे, अक्षर माझं: 'जन्मतारीख १ जून असल्यास आधी आईला विचारून यावे. आई नसल्यास थोरल्या बहिणीला.' लोक हसतात, फोटो काढतात. काढेनात का.

जानेवारीत खडकवासल्याला जाता जाता ते आमच्याकडे थांबले. काळी ट्रंक गाडीतच होती. तेजस्विनी वहिनीच्या पाया पडली, वहिनीने तिच्या हातावर दही दिलं आणि तोंडातून भविष्याचा एक शब्द काढला नाही. मग मुलगी माझ्यापुढे वाकली. मी तिला खांद्यांना धरून उभी केली.

"पुढे बदल्या फार होतील हं तुझ्या," मी म्हटलं. "चालतील का?"

"चालतील की, आजी."

"मग निघ," मी म्हटलं. "उशीर करू नकोस."